सूक्ष्मजीव वाढवणे आणि हाताळणे : आपल्या शाळेत काय जमेल, काय करू नये



नववीत ‘उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव’ हा पाठ सुरू झाला की एक प्रश्न ठरलेला असतो. दिसतच नाहीत, तर ते आहेत हे कशावरून? सूक्ष्मदर्शक असेल तर दाखवता येतात, पण शहापूर-मुरबाडच्या किती शाळांत तो चालू स्थितीत आहे, हे तुम्हीच आठवून बघा. दुसरा मार्ग म्हणजे वाढवून दाखवायचे. एक जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. पण दर अर्ध्या तासाला तो दुप्पट झाला, तर दहा तासांत वीस वेळा दुप्पट होतो आणि एकाचे दहा लाखांहून जास्त होतात. हा ढीग एका ठिपक्यासारखा साध्या डोळ्यांना दिसतो. त्यालाच वसाहत म्हणतात.

हा ठिपका उगवण्यासाठी जे करावे लागते, त्याचे तंत्र आज बघू. सगळे तंत्र दोन गोष्टींत येते : नको ते आत येऊ द्यायचे नाही, आणि आत वाढलेले बाहेर जाऊ द्यायचे नाही. पहिली गोष्ट पुस्तकात असते. दुसरीकडे शाळेत फारसे कुणी बघत नाही, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

दही शिकवते, पण अर्धेच

मुलांना सुरुवात दह्यापासून करून द्या. आई दूध तापवते, म्हणजे त्यातले बहुतेक जिवाणू मारते. मग ते कोमट होऊ देते, कारण उकळत्या दुधात विरजण टाकले तर विरजणच मरेल. चमचाभर विरजण लावते, झाकण ठेवते, थंडी असेल तर भांडे गोधडीत गुंडाळते. माध्यम, निर्जंतुकीकरण, रोपण, उबवण हे चारही शब्द इथेच समजतात. मुलांना ते घरी बघून लिहायला सांगा, पाठांतर लागत नाही.

पण दही चुका पोटात घालते. चमचा उष्टा होता, झाकण अर्धे उघडे राहिले, दूध नीट उकळले नव्हते, तरी बहुधा दही लागतेच. कारण विरजणातले जिवाणू दूध भराभर आंबट करतात आणि त्या आंबटपणात बाकीच्यांचे फारसे काही चालत नाही. शिवाय विरजण लाखो-कोट्यवधींच्या संख्येने आत जाते, बाहेरून येणारे मोजकेच असतात. प्रयोगशाळेतल्या पोषक माध्यमाला असे आंबटपणाचे कवच नसते. तिथे आपण एखाद-दुसरा जिवाणू टाकतो, आणि हवेतून पडलेला दुसरा त्याच्या बरोबरीने वाढतो. म्हणून दही जमते तर हेही जमेल, असे मुलांना वाटू देऊ नका. चूक झाली तर काय होते, याचे एक खरे उदाहरण मुंबईच्याच प्रयोगशाळेशी जोडलेले आहे. ते वर्गात जरूर सांगा.

परळची लस आणि मुलकोवालची बाटली

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला, हाताखाली मोजकी माणसे. तिथे त्यांनी मांसाच्या रश्शात प्लेगचे जिवाणू वाढवले. रश्शावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवायचे, आणि भांडे हलवायचे नाही. जिवाणू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, गुहेतल्या लोंबत्या दगडांसारखे. ही वाढ ओळखीची असल्यामुळे भांड्यात दुसरे काही शिरले असेल तर ते डोळ्यांनी समजण्याची सोय होती. नंतर उष्णता देऊन जिवाणू मारायचे आणि मेलेल्या जिवाणूंची लस करायची. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले.

आता पुढचा भाग. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात ही लस टोचली जात होती. शंभरावर माणसांना त्या दिवशी लस दिली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही. चौकशीने ठपका प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिन यांचे काम सुटले. पण साक्षीत एक बारीक गोष्ट आलेली होती. बाटलीचे बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता कार्बोलिकच्या द्रावणात नुसता हलवून वापरला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि एवढ्याने मरत नाहीत. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरला आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही, नेमणूक कलकत्त्याला झाली.

तार लाल होईपर्यंत तापवायची, बाटलीचे तोंड ज्योतीवरून फिरवायचे, झाकण टेबलावर उताणे ठेवायचे नाही, हे सगळे मुलांना सोपस्कार वाटतात. चिमट्याची गोष्ट सांगितल्यावर वाटत नाहीत.

कुकर, चायना ग्रास आणि शेगडीची तार

आता साहित्य. ऑटोक्लेव्ह नाही म्हणून अडू नका. घरचा प्रेशर कुकर तेच काम करतो : पूर्ण दाबावर आतली वाफ सुमारे १२१ अंश सेल्सिअसला जाते, आणि १५ ते २० मिनिटांत चिवट बीजाणूही मरतात. फक्त दोन गोष्टी सांभाळा. शिट्टी लगेच बसवू नका. आधी वाफेची जोरदार धार चारपाच मिनिटे बाहेर येऊ द्या, म्हणजे आतली हवा निघून जाईल. हवा राहिली तर दाब दिसतो पण तापमान तेवढे चढत नाही. आणि गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढू नका, कुकर आपोआप थंड होऊ द्या. नाहीतर बाटल्यांतले माध्यम उतू जाते. बाटल्या निम्म्याच भरा आणि झाकण अर्धा आटा सैल ठेवा. शाळेचा हा कुकर वेगळा ठेवायचा, तो पुन्हा कधीही स्वयंपाकाला जाणार नाही.

घट्ट माध्यमासाठी अगार लागतो. वाण्याकडे चायना ग्रास नावाने जे मिळते, ज्याची आपण खीर-पुडिंग करतो, तो अगारच आहे. प्रयोगशाळेतही तो स्वयंपाकघरातूनच आला. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळे, शिवाय काही जिवाणू ते खाऊन टाकत. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे जेली करताना अगार वापरत. १८८१ च्या सुमारास त्यांनीच तो सुचवला. अगार वितळायला ८५ अंशांच्या वर तापवावा लागतो आणि गोठतो मात्र चाळिशीच्या खाली उतरल्यावर. म्हणून मुरबाडच्या उन्हातही तो टिकतो.

शाळेपुरते माध्यम असे करता येईल. ५० ग्रॅम बटाट्याच्या फोडी पाण्यात शिजवा, पाणी गाळून पाव लिटर करा, त्यात ५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम चायना ग्रास घालून ते विरघळेपर्यंत ढवळा, मग बाटल्यांत भरून कुकरमध्ये. यावर बुरशी आणि यीस्ट छान येतात, काही जिवाणूही येतात. प्लास्टिकच्या पेट्री डिश कुकरमध्ये वितळतात, म्हणून काचेच्या वापरा. त्या नसतील तर जॅमच्या रुंद तोंडाच्या छोट्या बाटल्या आडव्या ठेवून माध्यम गोठवा. परीक्षानळीला कापसाचे बूच लावणार असाल तर औषधाच्या दुकानातला कापूस नको, तो पाणी शोषतो आणि ओल्या बुचातून जंतू आत जातात. गादीचा कापूस घ्या.

रोपणासाठी तारेचे कडे लागते. जुन्या विजेच्या शेगडीच्या कॉइलची तार काचेच्या कांडीत बसवून काम भागते, कारण ती लाल होईपर्यंत तापवली तरी टिकते. काम करताना पंखा बंद, खिडकी बंद, बोलणे बंद. स्पिरिटचा दिवा लावून त्याच्या जवळ बसायचे. ज्योतीजवळची गरम हवा वर जाते आणि धूळ खाली पडू देत नाही. तार लाल करा, हवेतच दहा-पंधरा सेकंद निवू द्या, नमुना घ्या, डिशचे झाकण एका बाजूने जेवढे लागेल तेवढेच उचला, वळणे घेत हलक्या हाताने रेघा ओढा, झाकण बंद, तार पुन्हा लाल. पहिल्या रेघांत जिवाणूंची गर्दी असते, पुढे ते विरळ होत जातात, शेवटच्या रेघांत एकेकटे पडतात. त्या एकेकट्यातून उगवलेली वसाहत म्हणजे शुद्ध संवर्धन. डिश पालथी ठेवा, नाहीतर झाकणाला जमलेले पाण्याचे थेंब खाली पडून सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळतात.

दिव्याबद्दल एक ताकीद : पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतायचे नाही, आणि स्पिरिटने पुसलेले हात पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीजवळ न्यायचे नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत जंतूंपेक्षा भाजण्याचा धोका मोठा असतो.

आणि प्रत्येक प्रयोगात एक डिश अशी ठेवा जिच्यात काहीच टाकले नाही. बाकी सगळे तेच : तेच माध्यम, तोच कुकर, तीच जागा. तिच्यावर काही उगवले तर त्या दिवशीचे बाकीचे निष्कर्ष बाद. ही रिकामी डिश मुलांना उगीच वाटते, पण माझ्या मते सगळ्या पाठात शिकण्यासारखी तीच आहे. सध्या घरोघरी होणारा पावाचा प्रयोग आठवा : धुतलेल्या हाताचा एक पाव, न धुतलेल्याचा दुसरा, पिशवीत घालून आठवडाभर ठेवायचे. हात न लावलेला तिसरा पाव ठेवलाच नसेल तर त्यातून काय कळणार? पावावर जी येते ती बहुतेक बुरशी असते, आणि ती हवेतूनही येऊ शकते.

कधी करायचा आणि काय वाढवायचे नाही

परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की डिश खोलीच्या तापमानाला ठेवा, म्हणजे सुरक्षित. त्यांची खोली २० ते २५ अंशांची असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालची वर्गखोली सहज ३७ अंशांवर जाते, म्हणजे माणसाच्या शरीराइतकी. शरीरात रोग करणाऱ्या जिवाणूंना तेच हवे असते. म्हणून हे प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, डिश ३० अंशांच्या खाली राहतील अशा सावलीच्या जागी ठेवा. पावसाळ्यात बुरशीचे बीजाणू इतके असतात की रिकामी डिशही कोरी राहणे अवघड.

थुंकी, जखम, नाक, शौचालय, गटार, गोठ्यातले शेण, मेलेले प्राणी यांचे नमुने शाळेत वाढवायचे नाहीत. मुले नेमके हेच मागतात. दही, ताक, इडलीचे पीठ, यीस्ट, मुळांवरच्या गाठी एवढे पुरेसे आहे. हवेत उघडी ठेवलेली डिश चालेल, पण रोपणानंतर तिला दोन-तीन ठिकाणी चिकटपट्टी लावा आणि पुन्हा कधीच उघडू नका. बघायचे ते काचेतून बघायचे.

वालाच्या गाठी

आपल्या भागासाठी सगळ्यांत चांगला नमुना भातकापणीनंतर मिळतो. ओलाव्यावर पेरलेला वाल किंवा हरभरा फुलोऱ्याच्या सुमारास मातीसकट खणून काढा, उपटू नका, गाठी तुटतात. गाठ कापली आणि आत गुलाबी दिसली तर ती काम करते आहे, म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला मिळतो आहे.

गाठीच्या आत रायझोबियम आहे, पण बाहेर मातीतले हजार प्रकारचे जिवाणू आहेत. आतले हवे, बाहेरचे नकोत. म्हणून अखंड गाठ धुवून काही सेकंद स्पिरिटमध्ये, मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे, मग कुकरमधून काढलेल्या पाण्याने पाच-सहा वेळा धुवायची. नंतर निर्जंतुक काचकांडीने ठेचून त्या रसाच्या रेघा ओढायच्या. यासाठी यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल घातलेले माध्यम हवे. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे किंवा कृषी महाविद्यालयाकडे मागून बघा. तीन ते पाच दिवसांत पांढुरक्या, चिकट, ओलसर वसाहती येतात.

आता इथली रिकामी डिश कोणती? शेवटचे धुण्याचे पाणी. त्याचा एक थेंब वेगळ्या डिशवर टाका. तिथे काही उगवले तर गाठीचा बाहेरचा भाग स्वच्छ झालाच नव्हता, आणि डिशवर आलेले रायझोबियम आहे असे म्हणता येणार नाही.

हे घरी शेतावर पोचते. कृषी सेवा केंद्रात जिवाणू संवर्धकाचे २५० ग्रॅमचे पाकीट मिळते, साधारण १० किलो बियाण्याला. ते खत नव्हे, जिवंत संवर्धन आहे. पाकीट उन्हात ठेवले, रासायनिक बुरशीनाशकात कालवले, बियाणे लावून उन्हात वाळवले की ते मेले. पैसे गेले आणि वर ‘काही उपयोग नाही’ हा शेरा. गुळाच्या पाण्यात चोळून सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. बुरशीनाशक लावायचेच असेल तर ते आधी, संवर्धक शेवटी. आणि पाकिटावरचे पीक बघून घ्यायचे; हरभऱ्याचा रायझोबियम वालाच्या मुळांत गाठी करत नाही. बांधावरच्या बापाला हे सांगायला नववीची मुलगी पुरेशी आहे.

पाण्याची बाटली

तानसा, भातसा, वैतरणा यांचे पाणी शहापूरच्या रानातून मुंबईला जाते, तिथे शुद्ध होऊन नळाला येते. आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, नाहीतर तळ गाठलेल्या विहिरीतून वाटीने पाणी भरतात. आपल्या शाळेतली मुले ते पाणी पितात. म्हणून सूक्ष्मजीव वाढवण्याचे जे एक तंत्र सगळ्यांनी शिकावे असे मला वाटते, ते पाणी तपासण्याच्या छोट्या बाटलीचे आहे.

ही चाचणी आपल्याच देशात, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत मांजा, मौर्य आणि राव यांनी तयार केली. १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बाटलीत जिवाणूंचे अन्न, गंधकाचे एक संयुग आणि लोहाचे एक संयुग असते. विष्ठेतून येणारे बरेच जिवाणू गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो लोहाशी जुळून काळा पदार्थ होतो. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, २४ ते ४८ तास ठेवा. पाणी काळे झाले तर विष्ठेचा संसर्ग असण्याची दाट शक्यता. काळे झाले नाही तर हे पाणी निर्धोक आहे असा दाखला मिळत नाही. विषाणू, खते, क्षार यांबद्दल ही बाटली काहीच सांगत नाही. उलट काही बोअरवेलच्या पाण्यात विष्ठेशी संबंध नसलेले जिवाणूही गंधक वापरतात आणि बाटली काळी होते. म्हणून काळ्या बाटलीनंतर नमुना शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

नमुना घेताना मुलकोवालचा चिमटा आठवा. बाटलीचे झाकण हातातच धरायचे, आतल्या कडेला बोट लावायचे नाही, झाकण खाली ठेवायचे नाही. नळाचे पाणी दोन मिनिटे वाहू द्या, मग भरा. विहिरीत रोजची बादली सोडून त्यातले पाणी घेतले तर तपासणी बादलीची होते. कुकरमधून काढलेली बाटली दगड बांधून, कडांना न लावता, स्वच्छ दोरीने सोडा. आणि एक बाटली उकळून थंड केलेल्या पाण्याने भरा. ती काळी झाली तर चूक आपल्या हाताची, विहिरीची नाही.

काळी झालेली बाटली मुले हातोहात फिरवतात, फोटो काढतात. हे थांबवा. विहिरीच्या घोटभर पाण्यात जे मोजके होते, ते त्या बाटलीत आता कोट्यवधी आहेत. विहिरीच्या पाण्यापेक्षा ती कितीतरी जास्त धोकादायक आहे. ती मोरीत ओतायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. शिक्षकानेच हातमोजे घालून झाकण अर्धा आटा सैल करावे, बाटली डब्यात उभी ठेवून कुकरमध्ये अर्धा तास उकळावी, मग ओतावी. कुकर नसेल तर टीसीएल पावडरचे दाट द्रावण आत घालून रात्रभर ठेवावे. जुन्या डिशचेही तसेच. नंतर टेबल पुसा, साबणाने हात धुवा.

निकाल वहीत लिहा : तारीख, पाण्याचे ठिकाण, भरल्याची वेळ, काळे झाल्याची वेळ, रिकाम्या बाटलीचे काय झाले. ती नोंद मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे द्या. टीसीएल टाकल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने त्यांच्याबरोबर ओटी टेस्ट करून बघा. पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. आठ दिवसांनी त्याच विहिरीची, त्याच पद्धतीने, दुसरी बाटली भरा. तोवर मुलांच्या बाटल्यांत उकळलेले पाणी असू दे, आणि हे पालकसभेची वाट न बघता त्याच संध्याकाळी घरी कळवा.